प्लेग आणि मोहल्ला

मुंबईच्या इतिहासात ९ मार्च १८९८ या दिवसाची नोंद बहुधा 'प्लेगचा दंगा' एवढीच होते. त्या दिवशी रिपन रोडवरील जुलाह्यांच्या वस्तीत प्लेगची तपासणी करणारे पथक शिरले. एका घरात बारा वर्षांची मुलगी आजारी होती. तिला तपासून इस्पितळात नेण्याचा पथकाचा इरादा होता. परक्या पुरुषाने मुलीला हात लावू नये म्हणून घरच्यांनी दार अडवले. पथकाच्या मदतीला पोलीस आले, तशी सारी वस्ती जमा झाली. दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. जमावाच्या हातून दोन गोरे सैनिक मारले गेले. दंगा पसरला, त्यात हिंदूही उतरले, प्लेगच्या इस्पितळांवर हल्ले झाले. गोदीतले हमाल आणि गाडीवान काम टाकून बसले.

जुलाहा धर्मवेडा, अडाणी आणि भांडकुदळ, असे वर्णन इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात आधीपासूनच रूढ होते. या दंग्याने त्याला आणखी एक दाखला मिळाला. हे विणकर १८५७ नंतरच्या काळात बनारस-आझमगढकडून पोटासाठी मुंबईत आले होते आणि त्यांनी मदनपुरा वसवला होता. त्यांच्यावर मारलेला हा शिक्का पुढे एकूणच मुस्लिम मोहल्ल्यावर बसला. मोहल्ला म्हणजे घाण, घाण म्हणजे रोग आणि रोगावरच्या उपायाला विरोध म्हणजे धर्मांधता, असे हे समीकरण आहे. ते खरे होते काय, हे तपासायचे तर दंग्याच्या आधीची दोन वर्षे पाहावी लागतात.

१८९६ च्या सप्टेंबरात गोदीलगतच्या मांडवी विभागात तापाने आणि जांघेत गाठ येऊन माणसे मरू लागली. हा प्लेग आहे, असे निदान २३ सप्टेंबर रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी केले. मांडवी म्हणजे शहराचे धान्याचे कोठार. तळमजल्यावर वखारी, त्यांत छतापर्यंत रचलेली पोती आणि वरच्या मजल्यांवर एकेका खोलीत राहणारी कुटुंबे, अशी तिथली घरांची रचना. प्लेग १८९४ साली हाँगकाँगमध्ये थैमान घालत होता. तिथून तो जहाजांबरोबर मुंबईत आला असावा, असे मानले जाते. बंदरात उतरलेल्या उंदराला पहिला आसरा मिळाला तो या वखारींत.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मांडवीत पहिल्या तडाख्यात सापडलेल्यांत जैन आणि भाटिया व्यापारी कुटुंबे बरीच होती. ही मंडळी शाकाहारी, सोवळ्या-ओवळ्याची, हातात पैसा खेळवणारी होती. त्यांच्या स्वच्छतेविषयी कोणी बोट दाखवले नसते. तरी ती मेली, कारण ती धान्याच्या वखारीवर राहत होती. पुढे हाच रोग हिंदू गिरणी कामगारांच्या चाळींत गेला, ख्रिस्ती वाड्यांत गेला, मुस्लिम मोहल्ल्यांत गेला. प्लेगने कोणाची जात किंवा धर्म विचारला नाही. युरोपीय लोकांत बळी अगदी थोडे पडले, याचेही कारण त्यांच्या रक्तात नव्हते. ते प्रशस्त आवारातल्या, उंच जोत्याच्या बंगल्यांत, धान्याच्या बाजारापासून दूर राहत होते.

पालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. वीअर यांना मात्र रोगाचे मूळ घाणीत आणि जमिनीतून वर येणाऱ्या दूषित हवेत दिसत होते. हा त्या काळच्या वैद्यकातला वजनदार विचार होता, म्हणून त्याला आज हसण्याचे कारण नाही. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड ओतले गेले. भिंतींना चुना फासला, जमिनी उकरल्या, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. या साऱ्या धामधुमीत बिळांतले उंदीर हुसकले गेले आणि ते साहजिकच शेजारच्या घरात शिरले.

प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग आहे. आजारी उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात आणि माणसाला चावतात. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून हे दाखवले, पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले, तेव्हा या गोष्टीवर शिक्कामोर्तब झाले. आयोगाने प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवून पाहिले. जमिनीवर मोकळे सोडलेले गिनीपिग मेले. पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले वाचले. त्यांच्याभोवतीची हवा एकच होती, फरक होता तो जमिनीपासूनच्या अंतराचा.

या प्रयोगात गरिबांच्या प्लेगचे सारे रहस्य आहे. ज्याला खाट नाही तो जमिनीवर झोपतो. ज्याला दुसरी खोली नाही तो जिथे दाणा साठवतो तिथेच बाळंतपण करतो आणि तिथेच आजारी पडतो. मुंबईत प्लेग दरवर्षी थंडीच्या अखेरीस उसळे आणि उन्हाळा तापला की ओसरे. ही चाल पिसवांच्या जीवनक्रमाशी जुळणारी होती. गाठीचा प्लेग एका माणसापासून दुसऱ्याला सहसा होत नाही. म्हणजे रोग्याला घरातून उचलून नेल्याने रोग थांबण्याची शक्यता फार कमी होती. तरीही सरकारचा सारा भर त्यावरच होता.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी पालिकेने रोग्यांना सक्तीने हलवण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्याच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. हे कामगार मुसलमान जुलाहे नव्हते, हे नमूद केले पाहिजे. हुकूम तात्पुरता मागे घेण्यात आला. पण युरोपातील देश हिंदुस्थानच्या व्यापारावर बंदी घालण्याची भाषा करू लागले, तेव्हा सरकार पुन्हा कठोर झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. त्या वर्षी हाजींची जहाजेही रोखली गेली. मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. पुण्यात हाच कारभार रँड यांनी सैनिकांकरवी चालवला आणि २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चाफेकरांचा राग आपण देशभक्ती म्हणून वाचतो. जुलाह्यांचा राग धर्मवेड म्हणून का वाचावा? दोन्हीकडे घरात शिरलेल्या परक्या हातांविषयीचाच संताप होता.

जुलाह्याच्या बाजूने पाहू. त्याचा माग घरातच. घर खाली केले की रोजी गेली. बिछाना जाळला की तो पुन्हा घेण्याची ऐपत नाही. इस्पितळात माणूस शेवटच्या घटकेला पोहोचे, त्यामुळे परत येणारे थोडेच. साहजिकच तिकडे नेऊन मारतात, अशी समजूत पसरली. प्रेताच्या तपासणीसाठी मय्यत अडवली जाई. मग गुसल कधी, जनाजा कधी? यातली कोणतीही भीती निव्वळ वेडगळ म्हणता येणार नाही. दारात स्त्री-डॉक्टर आली असती, तर ९ मार्चला काय घडले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पण आपल्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. मोहल्ल्यात रोगी लपवले जात. पर्द्याची किंमत बाईनेच मोजली. वेळेवर औषधपाणी न मिळता ती आतल्या खोलीत मेली. साथ हा अल्लाचा कोप आहे, त्यावर इलाज काय, असे म्हणणारेही होते. वास्तविक ज्या गावात ताऊन आहे तिथे जाऊ नये आणि आपण तिथे असू तर बाहेर पडू नये, ही हदीस आपल्याकडे तेरा शतके होती. हजरत उमर सीरियाच्या वाटेवर साथीची खबर ऐकून माघारी फिरले होते. खबरदारी म्हणजे ईमानाची कमतरता नव्हे, हे सांगणारा दाखला घरातच होता, तो मोहल्ल्याला समजावून सांगणारे मात्र कमी पडले.

जिथे समजावून सांगितले गेले तिथे चित्र वेगळे दिसते. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरुण आगाखानांनी आपल्या लोकांसमोर लस घेतली, खोजा जमातीतल्या हजारोंनी ती टोचून घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला आगाखानांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. जमातींनी आपापली प्लेग इस्पितळे उघडली, तेव्हा लोक तिथे जाऊ लागले. ज्या मुसलमानाला सरकार अडाणी म्हणत होते, त्याच समाजातले हे लोक होते. पुण्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका दलित मुलाला उचलून यशवंतच्या दवाखान्यात आणताना प्लेगच्या बळी ठरल्या. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्या हाती सैनिक नव्हते, तरी रोगी त्यांच्याबरोबर गेला.

रिपन रोडच्या दंग्यानंतर सरकारनेही सक्ती सैल केली. मूळ प्रश्न घरांचा होता आणि त्यासाठी १८९८ मध्येच मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. पण हटवलेल्या माणसांना परवडतील अशी घरे पुरेशी बांधली नाहीत. ती माणसे शेजारच्या चाळींत भर घालून राहिली. एके ठिकाणची दाटी मोडून दुसरीकडे वाढली. १८९१ साली मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ साली ७,७६,००६ वर आली. पुढच्या काही दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

हा सारा इतिहास २०२० साली पुन्हा आठवला. करोनाच्या साथीत सरकारने १८९७ चाच साथरोग कायदा बाहेर काढला. तबलिगी जमातीच्या दिल्लीतील मेळाव्यानंतर रोगाला धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली जाऊ लागली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. त्याच्या आदल्या महिन्यात मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली होती. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. दादर-माटुंग्याचा हिंदू असो वा धारावीतला मुसलमान, फरक पाडला तो खोलीच्या आकाराने आणि सामाईक संडासाने.

गोवंडीत प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांना ऊन दिसत नाही. तिथे क्षयाचे रोगी मोठ्या संख्येने सापडतात आणि खालच्या मजल्यांवर त्यांचे प्रमाण अधिक आढळले आहे. तरी मोहल्ल्याकडे बोट दाखवून 'तुमचे लोकच असे' म्हणणारे आजही भेटतात. त्यांना मांडवीच्या वखारीवर राहणाऱ्या त्या सोवळ्या कुटुंबांची आठवण करून द्यावी. आणि आपण आपल्या माणसांना सांगावे, की लस घ्या, मुलीला वेळेवर दवाखान्यात न्या, आणि त्याचबरोबर पालिकेकडे पाणी, संडास, उजेड आणि मोहल्ल्यात बसणारी डॉक्टरीणबाई मागा. १८९८ साली दार अडवणाऱ्या त्या घराला यातले काहीच मिळाले नव्हते. मिळाले ते फक्त पोलीस.