पोर्तुगालचे दोन तह आणि गोमंतक

पाश्चात्य राष्ट्रांच्या लष्करी तहांविषयीं आपल्याकडे एक समज रूढ आहे. तहांतील एका राष्ट्रावर कोणीं शस्त्र उगारलें कीं बाकीचीं सर्व राष्ट्रें आपोआप रणांगणांत उतरतात, असा तो समज होय. त्यास मूळ लेखांचा आधार कितपत आहे, हें पाहण्यास पोर्तुगालइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं. इ. स. १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्य गोमंतकांत शिरलें तेव्हां पोर्तुगालच्या पदरीं असे दोन तह होते. पण त्यांपैकीं एकाच्याही आधारें त्यास एक शिपाई मिळाला नाहीं. असें कां झालें, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

पहिला तह इंग्लंडचा. या दोन राष्ट्रांची मैत्री १३७३ पासूनची असून १३८६ च्या विंडसरच्या तहानें ती दृढ झाली. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा तो १६६१ चा विवाहतह. दुसऱ्या चार्ल्सशीं कॅथरीनचा विवाह ठरला व मुंबई बेट इंग्रजांस मिळालें, एवढें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु मुंबई देण्याचें जें कारण तहांत लिहिलें आहे, तिकडे फारसें लक्ष जात नाहीं. त्या भागांतील पोर्तुगीज प्रजेचें डचांपासून रक्षण करणें इंग्लंडच्या राजास सुकर व्हावें, हें त्यांतील एक कारण होय. शिवाय एका गुप्त कलमान्वयें पोर्तुगालच्या वसाहतींचें तत्कालीन व भावी शत्रूंपासून रक्षण करण्याचें वचन इंग्लंडनें दिलें. शब्द पाहतां याहून व्यापक वचन क्वचितच सांपडेल. तरीही मे १७३९ मध्यें चिमाजीआप्पांनीं वसई घेतली तेव्हां मुंबईहून इंग्रजांचें सैन्य तिच्या सोडवणुकीस आलें नाहीं. उलट १९४३ सालीं अझोर्स बेटांवर तळ हवे होते, तेव्हां चर्चिल यांनीं याच जुन्या मैत्रीचा दाखला दिला आणि तळ मिळविले. १९६१ सालीं पोर्तुगालनें साहाय्य मागितलें असतां, राष्ट्रकुलांतील भारताशीं आपण लढूं शकत नाहीं, अशी इंग्लंडची भूमिका राहिली. वचनास मर्यादा नव्हती. पण तें केव्हां पाळावयाचें हें ठरविणारा वचन देणाराच होता.

दुसरा तह उत्तर अटलांटिकचा. त्यावरच नाटो ही संघटना उभी आहे. ४ एप्रिल १९४९ रोजीं वॉशिंग्टन येथें बारा राष्ट्रांनीं त्यावर सह्या केल्या. त्यांत पोर्तुगाल होता. यांतील पांचवें कलम प्रसिद्ध आहे. एकावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जाईल, असें तें म्हणतें. परंतु लगेच पुढें, प्रत्येक राष्ट्रानें आपणांस आवश्यक वाटेल ती कृति करावी, असेंही सांगतें. त्या कृतींत शस्त्रबळाचा समावेश होऊं शकतो. सक्ति मात्र नाहीं. संघटनेच्या मंडळांत निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वांची संमति लागते.

गोमंतकाचा निकाल मात्र सहाव्या कलमानें लागतो. हल्ला कोठें झाला असतां पांचवें कलम लागू होईल, तें यांत सांगितलें आहे. युरोप व उत्तर अमेरिका यांतील सभासदांचा प्रदेश, आणि उत्तर अटलांटिकांतील कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील बेटें, हीं त्यांत मुख्य होत. फ्रान्सचा अल्जीरिया आफ्रिकेंत असल्यामुळें त्याचा निराळा नामनिर्देश करावा लागला. मीमांसक जीस परिसंख्या म्हणतात तिचा न्याय येथें लागतो. कांहींचें परिगणन केलें म्हणजे बाकीच्यांची निवृत्ति होते. अल्जीरियाचें नांव आहे, गोव्याचें नाहीं. १९५१ सालीं पोर्तुगालनें घटना दुरुस्त करून वसाहतींस 'सागरपार प्रांत' म्हटलें. १९५५ च्या डिसेंबरांत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनीं पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनांत 'प्रांत' हाच शब्द आला, त्यामुळें भारतांत क्षोभ उसळला. तथापि प्रांत म्हटल्यानें गोवा आशियांतून युरोपांत जात नाहीं.

पाश्चात्यांस भारताविषयीं ममत्व होतें म्हणून ते स्वस्थ बसले, असें कोणी म्हणेल. तें टिकत नाहीं. १८ डिसेंबर १९६१ रोजीं सुरक्षा समितींत, भारतानें सैन्य मागें घ्यावें, या ठरावास अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनीं पाठिंबा दिला. सात मतें अनुकूल व चार प्रतिकूल पडलीं. केवळ सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकारामुळें ठराव फसला. सहानुभूति पोर्तुगालकडे होती, पण तहाचें बंधन कोणावर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं गोव्यांतील पोर्तुगीज सेना शरण आली.

युरोपीय संघाची घडण याहून निराळी आहे. तत्कालीन युरोपीय समुदायांत पोर्तुगाल १९८६ सालीं आला. संघांत व्यापारादि विषयांचे कायदे बहुमतानें होतात व लक्झेंबर्गच्या न्यायालयांत त्यांचा निवाडा होतो. वैयाकरणांच्या भाषेंत बोलावयाचें तर नाटो हा संधि आहे. वर्ण जुळतात, पण पदें भिन्न राहतात. संघ हा समास होय, परंतु अलुक् समास. कारण परराष्ट्र व संरक्षण या विषयांत प्रत्येक पदाची विभक्ति कायम असून तेथें एकमत लागतें. २००७ च्या लिस्बन तहानें संघांतही परस्परसाहाय्याचें कलम आलें व २०१५ सालीं पॅरिसवरील हल्ल्यानंतर फ्रान्सनें त्याचा प्रथम आश्रय घेतला. त्याचे शब्द नाटोच्या पांचव्या कलमाहून कडक आहेत. पण त्यामागें नाटोसारखी संयुक्त सेनाव्यवस्था नाहीं.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, कोणत्याही तहाची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी. तो कोणत्या भूमीस लागू आहे, साहाय्य किती द्यावयाचें हें कोण ठरवितो, आणि तें देण्याचें साधन कोणापाशीं आहे? १६६१ च्या तहांत पहिल्या प्रश्नाचें उत्तर पोर्तुगालला अनुकूल होतें, दुसऱ्याचें नव्हतें. १९४९ च्या तहांत पहिल्याच प्रश्नावर त्याचें अडलें. १९८२ सालीं अर्जेंटिनानें फॉकलंड बेटांवर चाल केली तेव्हां ब्रिटनचीही गति तीच झाली. तीं बेटें दक्षिण अटलांटिकांत असल्यामुळें पांचवें कलम त्यांस लागू नव्हतें. गोमंतकाच्या मुक्तीचा इतिहास लिहितांना दिल्ली व लिस्बन येथील कागदपत्रांबरोबर या दोन तहांचीं कलमेंही अभ्यासकांनीं समोर ठेवावीं, एवढेंच आमचें सांगणें आहे.