परदेशात गेलात तर काय खाऊन पाहावं? हलाल खाऊची ओळख आणि घ्यायची काळजी

उत्रोली, भोर, वेल्हे या आपल्या भागातल्या घरांतूनही आता कुणी उमराहला जातं, कुणाचा मुलगा आखातात नोकरीला असतो, कुणाची लेक लग्न होऊन परदेशी गेलेली असते. जाणारा माणूस बॅगेत चिवडा, शंकरपाळी, चटणी भरून नेतो आणि बरेचदा तेच खाऊन परत येतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तिथलं हलाल असेल की नाही, कुणास ठाऊक!" काही जण याच्या अगदी उलट वागतात. देश मुसलमानांचा आहे ना, मग पाकीट वाचायचं कशाला, असं त्यांना वाटतं.

आम्हाला दोन्ही टोकं पटत नाहीत. जगभरात खाऊन पाहावेत असे कितीतरी हलाल पदार्थ आहेत आणि त्यांतले बरेच आपल्याच सांजोरी-गुलगुल्यांचे भाऊबंद आहेत. एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. डोळ्यांसमोर तयार होणाऱ्या जुन्या, पारंपरिक पदार्थात काय घातलंय ते दिसतं आणि विचारता येतं. खरी तपासणी लागते ती कारखान्यातून आलेल्या रंगीत पाकिटाला.

सौदी अरब : खजुराच्या पुढेही बरंच काही

मक्का-मदिनेला गेलेला प्रत्येक जण खजूर आणतोच. मदिनेचा अजवा काळा, मऊ आणि आकाराने लहान, गोलसर असतो. हदीसमध्ये त्याचा उल्लेख असल्याने त्याला मान आहे आणि भावही. सफावी खजूरही काळाच, पण लांबट आणि स्वस्त असतो. घाईत अजवा म्हणून सफावी घेतला जाऊ नये म्हणून आकार नीट बघा. कसीम भागातला सुक्करी सोनेरी आणि फार गोड असतो. घरात शुगरचं पेशंट असेल तर खजूर मोजूनच द्या.

बाजारात मुतब्बक जरूर खा. पातळ पारीत खिमा, अंडं आणि कांद्याची पात भरून, घडी घालून तव्यावर भाजतात. केळं घातलेला गोड मुतब्बकही मिळतो. मामूल म्हणजे रव्याच्या किंवा मैद्याच्या पारीत खजूर भरून भाजलेली छोटी बिस्किटं. आपल्या सांजोरीची आठवण येईल, फक्त तळणीचं तेल नाही. बसबूसा हा रव्याचा, पाकात भिजवलेला केक तर दादी-नानीलाही चावायला सोपा.

दुबई आणि आखात : शेवयांवर ऑम्लेट

लुकैमात म्हणजे पिठाचे छोटे गोळे तळून त्यावर खजुराचा पाक आणि तीळ घालतात. आपले गुलगुलेच म्हणा, पण आतून पोकळ आणि बाहेरून कुरकुरीत. बलालीत हा अमिरातीतला नाश्ता ऐकायला विचित्र वाटतो: साखर, वेलची, केशर घातलेल्या गोड शेवया आणि वर अंड्याचं ऑम्लेट. शीरखुर्मा खाऊन वाढलेल्या माणसाला शेवया ओळखीच्या वाटतील, अंड्याची मात्र सवय करावी लागेल. सोबत 'करक' चहा घ्या. हा शब्द आपल्या 'कडक'वरूनच तिकडे गेला.

पिस्त्याची पेस्ट आणि कुनाफ्याच्या कुरकुरीत शेवया भरलेलं 'दुबई चॉकलेट' अलीकडे जगभर गाजलं. आता त्याच्या नकला सगळीकडे मिळतात. तेव्हा नाव बघून घेऊ नका, घटकांची यादी बघा. त्यात पिस्ता तर असतोच, तीळही असू शकतात. मुलाला सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर हा खाऊ त्याच्यासाठी नाही.

तुर्कस्तान : लोकुम, सिमित, बकलावा

तुर्की लोकुम दिसायला जेलीसारखं असतं, त्यामुळे आपले लोक बिचकतात. पारंपरिक लोकुम साखर आणि स्टार्चपासून बनतं, त्यात जिलेटिन लागत नाही. दुसऱ्या देशात 'टर्किश डिलाइट' नावाने विकतात त्यात मात्र जिलेटिन असू शकतं, म्हणून ते तपासा. तिळात घोळवलेली सिमित ही गोल रोटी रस्त्यावर गाड्यांवर मिळते, सकाळच्या चहासोबत छान लागते. बकलाव्यासाठी गाझियानतेप शहराचं नाव आहे. तिथल्या बकलाव्याला २०१३ मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं.

मलेशिया, सिंगापूर : शिक्का असूनही एक प्रश्न

ओंदे-ओंदे नक्की खाऊन पाहा. चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळीत ताडाचा गूळ भरतात, उकडतात आणि ओल्या खोबऱ्यात घोळवतात. गूळ, खोबरं, तांदूळ, म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाचंच सामान, मांडणी वेगळी. करीपाप म्हणजे बटाटा किंवा चिकन भरलेली करंजी.

मलेशियात 'जाकिम' आणि सिंगापुरात 'मुइस' या सरकारी संस्थांचा हलाल शिक्का चालतो, तो बघून घ्या. पण एक बारकावा आहे. तिथले बहुसंख्य मुसलमान शाफई मसलकाचे. त्यामुळे माकुळ किंवा खेकड्याच्या खाऊवरही हलाल शिक्का असू शकतो. आपल्या घाटावरची बरीच घरं हनफी. हनफी मसलकात माकुळ-खेकडा चालत नाही आणि कोळंबीबद्दल उलेमांत मतभेद आहेत. कोकणातल्या शाफई पाहुण्यांना मात्र माकुळ-कोळंबीची अडचण नाही. शिक्का खरा असला तरी आपल्या घरात काय चालतं हे आपणच ठरवायचं.

दुसरं, काही हॉटेलांवर 'नो पोर्क, नो लार्ड' अशी पाटी असते. याचा अर्थ डुकराचं मांस आणि चरबी वापरत नाही, एवढाच. तिथलं चिकन हलाल आहे असं ती पाटी सांगत नाही.

केप टाउन, मॉरिशस : आपल्या माणसांच्या मागोमाग

भोरहून वरंध घाट उतरला की महाड, म्हणजे कोकण. याच रायगड-रत्नागिरी पट्ट्यातले कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला जाऊन स्थायिक झाले. तिथल्या मुस्लिम वस्त्यांत रविवारी सकाळी 'कूसिस्टर' खाण्याची पद्धत आहे. बडीशेप, दालचिनी, वेलची घातलेलं फुगलेलं पीठ तळतात, पाकात बुडवतात आणि वर खोबरं भुरभुरतात. जवळपास याच नावाचा वेणीच्या आकाराचा दुसरा पदार्थही तिथे असतो. तो वेगळा, त्यात हा मसाला नसतो.

मॉरिशसमध्येही मराठी भाषकांच्या पिढ्या आहेत. तिथली 'धोल पुरी' म्हणजे हरभऱ्याची डाळ भरलेली मऊ, पातळ रोटी. पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा आणि त्यातला गूळ काढून टाका. आत घेवड्याची भाजी आणि चटणी घालून गाड्यावर जोडीनेच देतात.

युरोप, जपान : इथे पाकीट वाचायलाच हवं

इंग्लंड-युरोपात मुलं आधी मऊ, चघळायच्या गोळ्यांकडे धावतात. त्यांतल्या अनेकांत डुकराचं जिलेटिन असतं. मुस्लिम वस्तीतल्या दुकानांत हलाल जिलेटिनच्या गोळ्या वेगळ्या मिळतात. तिरामिसू, ट्रायफल, रम-रेझिन आइस्क्रीम यांत दारू असू शकते.

जपानचा मोची हा तांदळाचा मऊ गोळा, आत बहुधा लाल चवळीसारख्या डाळीचं गोड पुरण. साधा मोची चालण्यासारखा असतो, पण नवनवीन प्रकारांत जिलेटिन येतं. खारट खाऊत 'मिरिन' ही गोड मद्ययुक्त चव वापरलेली असू शकते. मोची फार चिकट असतो आणि घशात अडकू शकतो. म्हातारी माणसं आणि लहान मुलांना तो देऊ नका, दिलाच तर अगदी बारीक तुकडे करून, समोर बसून द्या.

पाकीट कसं वाचायचं?

• आपल्याकडचा हिरवा ठिपका परदेशी पाकिटावर नसतो. आधी ओळखीच्या संस्थेचा हलाल शिक्का शोधा.
• 'व्हेजिटेरियन' किंवा 'व्हेगन' लिहिलं असेल तर मांस-जिलेटिनचा प्रश्न मिटतो, दारूचा मिटत नाही. तो वेगळा तपासा.
• 'जिलेटिन' एवढंच लिहिलं असेल, कशाचं ते लिहिलं नसेल, तर ठेवून द्या.
• ई-१२० हा किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई-९०४ म्हणजे लाखेचा चकचकीत थर. याबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, आपल्या इमामसाहेबांना जाण्याआधीच विचारून घ्या.
• ई-४७१ वनस्पतीचंही असतं, प्राण्यांच्या चरबीचंही. वनस्पतीचं असल्याचा उल्लेख किंवा हलाल शिक्का नसेल तर शंका राहते.
• भाषा येत नसेल तर मोबाइलच्या भाषांतर ॲपने पाकिटाचा फोटो काढून वाचा.

जाताना आणि येताना

सौदी, अमिराती आणि सिंगापूरला खसखस नेऊ नका. तिथे ती बंदी असलेल्या मालात मोडते आणि त्यावरून मोठी अडचण होऊ शकते. घरच्या मसाल्यात, गोड सारणात खसखस असतेच, तेव्हा डबा भरणाऱ्या अम्मीला, आपाला हे आधीच सांगा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नेलेला प्रत्येक खाऊ उतरताना फॉर्मवर लिहावा लागतो, नाहीतर दंड होतो.

येताना खजुराचा पाक, मध, पिस्त्याची पेस्ट हातातल्या बॅगेत ठेवू नका. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बऱ्याच विमानतळांवर काढून घेतात. ती मोठ्या सामानात नीट गुंडाळून ठेवा. आणि शेजारीपाजारी वाटायला पाकिटं आणत असाल तर इथे सांगितलेली तपासणी तिथल्या दुकानातच करा. आपण दिलेला खाऊ समोरचा आपल्या भरवशावर खातो.