युद्धपटातला घोडा आणि हरसूलचा प्रेक्षक

रसशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह, आणि त्याचे आलंबन म्हणजे जिंकायचा शत्रू. रूढ युद्धपट मुलांना दाखवताना आईबाप अडखळतात ते यामुळेच: शत्रू उभा केला की त्याला मारण्याचा आनंदही साजरा करावा लागतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २०११ च्या ‘वॉर हॉर्स’ने आलंबनच बदलले. मायकेल मॉर्पुर्गो यांच्या १९८२ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात जोई नावाचा घोडा पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून जर्मनांकडे जातो, मधे एका फ्रेंच मुलीच्या हाती लागतो. त्याला शत्रूच नाही. प्रेक्षकाची माया त्याच्या मागोमाग दोन्ही बाजूंच्या माणसांपर्यंत पोचते. काटेरी तारांत अडकलेल्या जोईला सोडवायला एक ब्रिटिश आणि एक जर्मन सैनिक आपापल्या खंदकांतून बाहेर येतात, तिथे या रचनेचा कळस होतो.

मग एवढे दुःख मुलांना सोसवते कसे? नाट्यशास्त्रकार भरताने करुण आणि विप्रलंभ यांत नेमका भेद केला आहे. करुणात भेटीची आशा संपलेली असते, विप्रलंभात ती शिल्लक राहते. विप्रलंभ हा शृंगाराचा प्रकार खरा, पण जोईला वाढवणारा शेतकऱ्याचा मुलगा अल्बर्ट आणि जोई यांच्या ताटातुटीलाही हा निकष चपखल लागतो. जोईचा सोबती टॉपथॉर्न मरतो, तो करुण. पण मूळ सूत्र पुनर्भेटीच्या आशेवर चालते. क्रौर्य दाखवतानाही संयम आहे. पळून गेलेल्या दोघा जर्मन भावांना गोळ्या घातल्या जातात त्या क्षणी पवनचक्कीचे पाते आड येते. घोडदळाच्या हल्ल्यात रिकाम्या खोगिरांचे घोडे मशीनगनांवरून झेप घेतात, आणि स्वारांचे काय झाले ते सांगावे लागत नाही.

एक उणीव मात्र मला खटकते. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन चाल करणाऱ्यांत निजामाच्या फौजेतून वाढलेली ‘डेक्कन हॉर्स’ही होती. ते भारतीय स्वार या पडद्यावर कुठेच नाहीत.

तरीही त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलसारख्या गावाला ही कथा परकी वाटू नये. कारण जोई आधी नांगराला जुंपला जातो, लढाईवर नंतर जातो. खंड थकलेला, पिकाची नासाडी झालेली, म्हणून अल्बर्टचा बाप त्याला लष्कराला विकतो. युद्ध घरात शिरते ते गरिबीच्या दारातून. भात, नागली, वरईची डोंगरउतारावरची शेती आणि हंगाम सरला की द्राक्षबागांच्या कामावर जाणारी कुटुंबे, हे ज्या भागाचे जिणे, तिथे अडचणीत जनावर विकणे म्हणजे काय हे मुलांना समजावून द्यावे लागत नाही. शिवाय बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात मुखवट्याआडचा माणूस ओळखीचा असूनही त्यातल्या देवाला हात जोडणारा हा प्रेक्षक आहे. २००७ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने ही कथा रंगभूमीवर आणली, तेव्हा घोड्याची बाहुली चालवणारे कलाकार उघड दिसत असत आणि तरी घोडा जिवंत वाटे. ही जाण इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मराठीत ‘वॉर हॉर्स’चे सख्खे नाते मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ या चित्रपटाशी. जुन्नर भागातला शेतकऱ्याचा पोर, जखमी झालेला चितंग्या बैल आणि तो खाटकाला विकण्याची बापावर आलेली पाळी. आजारी म्हातारीवर उपचार होतात, मग बैलावर का नाहीत, हा टिंग्याचा प्रश्न ‘वॉर हॉर्स’मधल्या कोणत्याही संवादापेक्षा खोल जातो, असे माझे मत आहे. टिंग्याच्या भूमिकेसाठी शरद गोयेकरला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हरसूल परिसरातल्या आश्रमशाळांतील शिक्षकांना म्हणून विनंती: दहा वर्षांवरच्या मुलांना आधी ‘टिंग्या’ दाखवा, मग ‘वॉर हॉर्स’, आणि दोन्हींतल्या बापांविषयी त्यांना बोलते करा.