मिठागरातला नवा ऐवज

कोकणपट्टीतील मिठागरांचा इतिहास हा बहुतांशी हासिलाचाच इतिहास आहे. सन 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस जे पत्र धाडले, त्यात पोर्तुगीज अमलाखालील बारदेशातून येणाऱ्या स्वस्त मिठावर जबर जकात बसविण्याचा हुकूम होता; कारण परमुलखातील माल स्वस्त पडला म्हणजे उदमी तिकडेच वळतील आणि स्वराज्यातील आगरांची आमदनी बुडेल, हे त्यांनी अचूक हेरले होते. पुढे 1882 च्या कायद्याने इंग्रजांनी मिठावरील आपली हुकमत पक्की केली, आणि 1930 च्या मे महिन्यात शिरोड्यास व वडाळ्यास सत्याग्रहींनी लाठ्या सोसून ती झुगारली.

राज्ये पालटली, मीठ पिकविण्याची रीत मात्र फारशी पालटली नाही. भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत उन्हाने आटवायचे, आणि तळाचा चिखल तुडवून घट्ट केलेल्या अखेरच्या लहान वाफ्यात खडा धरला की, घोटाभर खाऱ्या पाण्यात उभे राहून आगरी मजुराने तो लाकडी फळीने बांधाकडे ओढायचा. या कृतीत सूर्य नेतो ते केवळ पाणी. समुद्राने जे जे आणले असेल, त्यातले पुष्कळसे मागे राहते; आता प्लास्टिकसुद्धा. शिरोड्याचे मीठ सत्याग्रहींनी उचलले तेव्हा पॉलिथीनचा जन्मही झाला नव्हता. इंग्लंडातील एका प्रयोगशाळेत ते अकल्पितपणे हाती आले 1933 साली.

भांडुप-कांजूरच्या मिठागरांपासून थोड्याच अंतरावर असलेल्या पवईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी 2018 साली बाजारातले समुद्री मीठ तपासले, तेव्हा त्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण निघाले, त्यांपैकी सुमारे 63 टक्के तुकडे व बाकीचे तंतू. रोज पाच ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात या वाटेने वर्षाकाठी सुमारे 117 मायक्रोग्रॅम प्लास्टिक जाते, असा त्यांचा हिशेब आहे. रक्कम क्षुल्लक खरी. परंतु पाणी आणि हवा यांतूनही प्लास्टिकची भरती चालूच असते. 2024 साली इटलीतील वैद्यांनी मानेच्या धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेला मेदाचा थर तपासला, तेव्हा 257 रुग्णांपैकी 150 जणांच्या थरात पॉलिथीन सापडले, आणि थरात प्लास्टिक असलेल्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका इतरांच्या साडेचार पट आढळला. प्लास्टिक हेच त्याचे कारण, असा निवाडा त्या वैद्यांनीही दिलेला नाही, आणि आपणही तो घाईने देऊ नये. तथापि केवळ निवाडा लांबला म्हणून फिर्याद निकाली काढणे मला तरी रास्त वाटत नाही.

पवईकरांनी उपायही सुचविला आहे: आगरात घेण्यापूर्वी पाणी वाळूतून गाळले, तर वजनाने 85 टक्क्यांहून अधिक प्लास्टिक अडते. मात्र एकेका भरतीला उघाडीतून आत येणारे पाणी पाहता हे गाळणे खर्चाचे काम आहे, आणि ज्या मिठावर शतकानुशतके जकात घेतली गेली, त्याच्या गाळणीचा खर्च कोणाच्या खाती पडणार, याचा ठराव अद्याप कोणी केलेला नाही.