दारावरचे तोरण : ठाणे ते कल्याण

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत दाराच्या चौकटीवर वर्षभर टांगलेले हाती केलेले तोरण ही अलीकडच्या काही पिढ्यांची प्रथा आहे. त्याआधी तोरण सणापुरतेच असे. आंब्याचे डहाळे, झेंडूची फुले आणि भाताच्या लोंब्या सुतळीत ओवून दसऱ्याला बांधल्या जात. भात हे या जिल्ह्याचे मुख्य पीक, आणि हळवे भात नेमके त्या सुमारास तयार होते. म्हणून लोंबीचा मान मोठा. झेंडू मात्र मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या काळात भारतात आलेला. ठाणे शहर 1737 पर्यंत त्यांच्याच ताब्यात होते. ज्या फुलावाचून आज दसरा होत नाही ते कधीकाळी परके होते, हे कृत्रिम फुलांना नावे ठेवताना लक्षात घ्यायला हवे.

रेल्वे 1853 मध्ये ठाण्याला आणि 1854 मध्ये कल्याणला पोहोचली, आणि पुढे स्थानकांभोवती बाजार वाढले. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका आजही दसऱ्याच्या आदल्या दिवशी डहाळे, लोंब्या व आपट्याची पाने घेऊन तिथे बसतात. आंब्याचे पान जाड आणि चिवट असते, पण तेही काही दिवसांत वाळते. सणांच्या मधल्या रिकाम्या चौकटीची उणीव हाती केलेल्या तोरणाने भरून काढली.

त्याचे मूळ रुखवतात आहे. लग्नात मुलीकडची मंडळी मांडत त्या रुखवतात मुलीच्या हातचे तोरण हमखास असे. काचेच्या नळ्या, पोतीचे मणी, लोकरीची फुले, क्रोशाची झालर हे त्याचे साहित्य. मोर, पोपट, कलश आणि ‘सुस्वागतम्’ ही अक्षरे हे ठरलेले नमुने. सौराष्ट्र-कच्छकडे मोतीकामाच्या आणि भरतकामाच्या तोरणाला खाली पानाच्या आकाराचे पदर सोडतात. या शहरांत गुजराती-कच्छी कुटुंबे शेजारी असल्याने तो घाटही ओळखीचा झाला. ते पदर म्हणजे आंब्याचीच पाने, कापडात उतरलेली.

1960 नंतर गिरगाव-दादरच्या चाळी सोडून कित्येक कुटुंबे डोंबिवलीत स्वतःच्या ब्लॉकमध्ये राहायला आली. एकाच जिन्यावर सारखी दारे. नावाची पाटी आणि तोरण यांनीच घर ओळखू येई. या कलेचा खरा बहर तिथेच आला असे म्हणता येईल, कारण रुखवतानंतर पेटीत जाणारे तोरण आता रोज दिसण्यासाठी होऊ लागले. पुढे साटिनच्या फितीची, कापडाची आणि शेवटी प्लॅस्टिकची फुले आली. दिवाळीआधी बचत गटांच्या स्टॉलवर हाताने केलेली तोरणे विकली जाऊ लागली.

महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलवर निर्बंध आणले. 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. गणपतीच्या मखरांना त्याचा मोठा फटका बसला. त्या देशव्यापी यादीत प्लॅस्टिकची फुले नव्हती, म्हणून ती बाजारात टिकली. ताजी फुले पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा त्यांना असलेला विरोध रास्त आहे. कापड, लोकर आणि मण्यांचे तोरण मात्र अनेक वर्षे वापरता येते, दर सणाला फेकले जात नाही. त्याला त्याच मापाने मोजणे बरोबर नाही.

तोरण घेताना आधी चौकट मोजावी. पट्टी चौकटीच्या आतल्या रुंदीइतकी हवी आणि पदर उंच माणसाच्या कपाळाला लागू नयेत. लाकडी चौकटीला दोन बारीक खिळे पुरतात. जड तोरणाला मध्ये तिसरा लागतो, नाहीतर पट्टी झोळ धरते. बाहेर जाळीचा दरवाजा असेल तर तो उघडताना पदर अडकतात, तेव्हा तोरण आतल्या दारावर लावावे. मणी नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले असावेत. सुती दोरा दमट हवेत कुजतो आणि सगळे मणी एकदम ओघळतात.

इथला पावसाळा हा कापडी तोरणाचा मोठा शत्रू. बुरशी धरते, फुलांतली तार गंजते आणि तिचा डाग धुऊन जात नाही. म्हणून ते जूनच्या आधी उतरवून मऊ ब्रशने झटकतात, सावलीत वारा देतात आणि जुन्या सुती धोतरात सैल गुंडाळून ठेवतात. कडक उन्हात रंग उडतो, घडी घातली तर पाकळ्या मोडतात. मण्यांचे तोरण कोमट पाण्यात बुडवून, आडवे पसरून वाळवले की पुरते. गणपतीला ते पुन्हा चौकटीवर चढते. दसऱ्याला त्याच खिळ्यांवर, त्याच्यापुढे, आंब्याचा डहाळा बांधतात.