वर्गणीचें वाचन

पुस्तक वाचावयास मिळण्याचे मार्ग पूर्वापार तीन आहेत: तें विकत घ्यावें, कोणाकडून उसनें आणावें, किंवा वर्गणी भरून एखाद्या संग्रहाचें सभासद व्हावें. पहिल्या मार्गांत पैका लागतो, दुसऱ्यांत भीड खर्चावी लागते, आणि तिसरा मार्ग या दोहोंपासून सुटका करतो अशी सामान्य समजूत आहे. अलीकडे या तिसऱ्या मार्गास एक नवें रूप आलें आहे. दरमहा ठराविक रक्कम भरली म्हणजे वाचनयंत्राच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर लाखों ई-पुस्तकें उघडतात; कपाट नको, धूळ नको, पुस्तक परत नेऊन देण्याची यातायात नको. ही वर्गणी भरावी कीं नाहीं, असा प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा एका त्रैराशिकानें दिलें जातें. वर्गणी इतकी, पुस्तकाची किंमत इतकी, म्हणून वर्षाकाठीं इतकीं पुस्तकें वाचलीं तर पैसे वसूल! हें त्रैराशिक खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें अपुरें आहे, आणि कोठें अपुरें पडतें हें गेल्या शतकाच्याही मागें लंडन शहरांत एकदां पुरतें सिद्ध होऊन गेलें आहे. तो इतिहास मनोरंजक तसाच उपयुक्त असल्यामुळें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

चार्ल्स एडवर्ड म्यूडी (१८१८–१८९०) हा लंडनमधील पुस्तकें व लेखनसाहित्य विकणारा एक दुकानदार. १८४२ सालीं त्यानें आपलीं पुस्तकें वर्गणीनें वाचावयास देण्यास आरंभ केला, आणि दहा वर्षांच्या आंत धंदा इतका वाढला कीं १८५२ सालीं त्यास न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मोठी जागा घ्यावी लागली. त्याची वर्गणी वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. तेवढ्यांत सभासदास एका वेळीं एक खंड नेतां येई व तो वाटेल तितक्या वेळां बदलून घेतां येई. त्या काळीं नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघत असे व तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. स्कॉटच्या 'केनिलवर्थ' (१८२१) पासून हा भाव जणूं कायम होऊन बसला होता. म्हणजे एक कादंबरी विकत घेण्यास दीड गिनी, आणि वर्षभर हव्या तितक्या कादंबऱ्या वाचण्यास एक गिनी! वर्षाला एकच कादंबरी वाचणाऱ्यासही वर्गणी स्वस्त पडावी असा हा हिशेब. मध्यमवर्गीय इंग्रज कुटुंबांनीं तो केला आणि गिनी भरली. म्यूडीच्या पुस्तकांच्या पेट्या आगगाडीनें गांवोगांव व बोटीनें हिंदुस्थानासारख्या दूरच्या मुलखांत जाऊं लागल्या. मेकॉलेच्या इंग्लंडच्या इतिहासाचे तिसरा व चौथा हे खंड १८५५ सालीं निघाले, तेव्हां एकट्या म्यूडीनें त्यांच्या चोवीसशेंच्या आसपास प्रती घेतल्या, यावरून या दुकानाच्या पसाऱ्याची कल्पना यावी.

आतां या हिशेबांतील गोम पाहूं. गिनी स्वस्त वाटे ती साडेएकतीस शिलिंगांच्या शेजारीं ठेविल्यामुळें. परंतु ही दुसरी किंमत इतकी चढी कां राहिली? कागद स्वस्त झाला, छपाई वाफेच्या यंत्रावर होऊं लागली, आगगाडीनें वाहतूक सोपी केली. तरी कादंबरीचा भाव सत्तर वर्षें हलला नाहीं. याचें कारण असें कीं ती किंमत सामान्य गिऱ्हाइकासाठीं नव्हतीच. म्यूडीसारखा मोठा खरेदीदार निम्म्याच्या आसपास भावानें शेंकडों प्रती उचलीत असे, आणि तेवढ्यानें प्रकाशकाचा खर्च निघून वर नफा राही. वाचकानें पुस्तक विकत घेऊं नये, यांतच ग्रंथालयाचें हित होतें. शिवाय कादंबरीचे तीन खंड असले म्हणजे एकच प्रत एका वेळीं तीन सभासदांच्या घरीं जाऊं शके. तात्पर्य, ज्या महागाईपासून वर्गणी वाचकास वांचवीत होती, ती महागाई बऱ्याच अंशीं त्या वर्गणीच्याच आश्रयानें टिकून होती.

दुसरी गोष्ट निवडीची. म्यूडीनें आपल्या संस्थेस 'निवडक ग्रंथालय' असें नांव दिलें होतें, आणि निवड करणारा तो स्वतः होता. घरांतील मुलीबाळींच्या हातीं निःशंकपणें देतां येईल असेंच पुस्तक आपल्या फळीवर असावें, हा त्याचा दंडक. जॉर्ज मेरेडिथची 'दि ऑर्डील ऑफ रिचर्ड फेव्हरेल' ही कादंबरी १८५९ सालीं निघाली. ती त्यानें आपल्या यादींतून काढली. जॉर्ज मूरच्या १८८३ सालच्या कादंबरीचेंही तेंच झालें. मूर मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. त्यानें पुढची कादंबरी एका खंडांत व सहा शिलिंग किंमतीस काढविली, आणि १८८५ सालीं एक पत्रक लिहून या ग्रंथालयशाहीवर कडक हल्ला चढविला. म्यूडी दुष्ट होता असें नव्हे. तो आपल्या समजुतीप्रमाणें सभासदांचें हितच पाहत होता. परंतु ज्या देशांत नव्या कादंबरीचें गिऱ्हाईक मुख्यतः एकच, त्या देशांत त्या गिऱ्हाइकाची आवड हाच कायदा होऊन बसतो.

तिसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मोबदला ज्या मापानें मिळतो त्या मापाचें साहित्य निपजतें. ग्रंथालयास तीन खंड हवे, म्हणून लेखकाच्या जवळ एका खंडापुरतें कथानक असलें तरी त्यानें तें ताणून तीन खंडांचें करावें. उगाच लांबविलेले संवाद, पाल्हाळिक वर्णनें, मुख्य कथेशीं संबंध नसलेलीं उपकथानकें यांचा उगम पुष्कळदां येथें आहे. जॉर्ज गिसिंगनें 'न्यू ग्रब स्ट्रीट' (१८९१) या कादंबरीमध्यें या तीन खंडांच्या चरकांत पिळून निघणारा लेखक रंगविला आहे, आणि गंमत अशी कीं ती कादंबरीही तीन खंडांतच प्रसिद्ध झाली!

हा डोलारा कोसळला तो वाचकांच्या बंडामुळें नव्हे, तर ग्रंथालयाच्याच हिशेबामुळें. कादंबऱ्या फार निघूं लागल्या, त्यांच्या स्वस्त आवृत्त्या लवकर येऊं लागल्या, आणि महाग प्रती फळीवर पडून राहूं लागल्या. १८९४ सालीं म्यूडी व स्मिथ या दोन मोठ्या ग्रंथालयांनीं प्रकाशकांस कळविलें कीं यापुढें प्रत्येक खंडास चार शिलिंगांहून अधिक देणार नाहीं, आणि वर्षाच्या आंत स्वस्त आवृत्ति निघतां कामा नये. प्रकाशकांनीं तीन खंडांचा प्रघातच सोडून दिला. त्याच वर्षीं हॉल केनची 'दि मँक्समन' ही कादंबरी पहिल्यापासूनच एका खंडांत सहा शिलिंगांस निघाली व हातोहात खपली. १८९४ सालीं तीन खंडांच्या १८४ कादंबऱ्या निघाल्या होत्या. १८९७ सालीं फक्त चार निघाल्या. सत्तर वर्षें अढळ वाटलेली किंमत तीन वर्षांत नाहींशी झाली. म्यूडीचें ग्रंथालय पुढें १९३७ सालापर्यंत कसेंबसें तगलें, पण त्याचें राज्य संपलें होतें.

आतां आपल्या काळाकडे वळूं. २०१३ सालीं अमेरिकेंत ऑयस्टर व स्क्रिब्ड या दोन कंपन्यांनीं मासिक वर्गणींत ई-पुस्तकें वाचावयास देण्यास आरंभ केला. वर्गणी महिन्याला दहा डॉलरांच्या आंत. यांच्या व्यवस्थेंत एक विलक्षण अडचण होती. वाचकानें पुस्तकाचा ठराविक भाग वाचला म्हणजे जणूं प्रत विकली गेली असें धरून प्रकाशकास मोबदला द्यावा लागे. अर्थात जो सभासद फार वाचील तो कंपनीस बुडवील, आणि जो वर्गणी भरून वाचणार नाहीं तो तिला तारील. २०१५ सालीं स्क्रिब्डनें प्रणयकथांचा मोठा भाग आपल्या संग्रहांतून काढून टाकला, कारण त्या कथांचे वाचक अतोनात वाचीत होते! पुढच्या वर्षीं महिन्याला तीनच पुस्तकांची मर्यादा आली. ती २०१८ सालीं सैल झाली. ऑयस्टर तर २०१६ सालाच्या आरंभींच बंद पडलें. ज्या दुकानाचा नफा गिऱ्हाइकाच्या आळसावर अवलंबून असतो, त्याच्या 'अमर्याद' या शब्दाचा अर्थ नीट तपासून घ्यावा, हा यांतील बोध आहे.

ॲमेझॉन कंपनीनें २०१४ सालीं काढलेली 'किंडल अनलिमिटेड' ही योजना अधिक सावध होती. मोठ्या अमेरिकन प्रकाशकांनीं तींत आपलीं पुस्तकें दिलीं नाहींत. संग्रहाचा मोठा भाग स्वतःच आपलीं पुस्तकें प्रसिद्ध करणाऱ्या लेखकांचा होता, आणि त्यांनीं तें ई-पुस्तक अन्यत्र कोठें विकूं नये अशी अट होती. आरंभीं वाचकानें पुस्तकाचा दहावा हिस्सा वाचला म्हणजे लेखकास एक वांटा मिळे. तेव्हां लेखकांनीं एका कादंबरीचे लहान लहान तुकडे करून तीं निराळीं पुस्तकें म्हणून घातलीं. जुलै २०१५ पासून मोबदला वाचलेल्या पानांवर, एका पानास अर्ध्या सेंटाच्या आसपास, ठरूं लागला. तेव्हां कांहीं लबाडांनीं पुस्तकांत जुना मजकूर कोंबून पानें फुगविलीं, व त्यास आळा घालण्यासाठीं कंपनीस नियम करावे लागले. गिसिंगच्या लेखकास हें सर्व ओळखीचें वाटलें असतें. माप बदललें, नियम मात्र तोच राहिला.

ही योजना हिंदुस्थानांत २०१५ सालीं आली. वर्गणी आरंभीं महिन्यास १९९ रुपये होती. पुढें डिसेंबर २०१६ मध्यें मराठीसह पांच भारतीय भाषांतील पुस्तकें किंडलवर येऊं लागलीं. आरंभीच्या त्या दरानें वर्षाचे २,३८८ रुपये होतात. समजा एका पुस्तकास सरासरीनें अडीचशें रुपये पडतात; तर या रकमेंत साडेनऊ पुस्तकें येतात. वर्षाला दहा पुस्तकें शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्यास वर्गणी परवडते, असें आपलें त्रैराशिक सांगेल. त्यास आम्ही तीन पुरवण्या जोडूं इच्छितों.

पहिली ही कीं मोजावयाचीं तीं वाचून पुरीं केलेलीं पुस्तकें, उघडून पाहिलेलीं नव्हेत. आणि त्यांतूनही जीं आपण एरव्हीं पैसे देऊन घेतलीं असतीं तींच. फुकट म्हणून चाळलेलें पुस्तक हिशेबांत धरणें म्हणजे मेजवानींत न रुचलेला पदार्थ पानांत वाढला म्हणून नफा मानणें होय. दुसरी ही कीं संग्रहांत दहा लाख पुस्तकें आहेत या आंकड्यास आपल्यापुरती किंमत नाहीं. येत्या वर्षांत वाचावयाच्या दहा पुस्तकांची यादी आधीं कागदावर लिहावी आणि त्यांपैकीं किती तेथें सांपडतात हें पाहावें. मराठी वाचकानें तर ही परीक्षा अवश्य घ्यावी. तिसरी पुरवणी सर्वांत महत्त्वाची: वर्गणी थांबली म्हणजे आपल्या हातीं काय उरतें?

म्यूडीच्या सभासदास निदान एक सोय होती. मागणी ओसरली म्हणजे म्यूडी त्या प्रती स्वस्तांत विकून टाकी, आणि त्या कोणाच्या तरी कपाटांत कायमच्या जात. ई-पुस्तकास जुना बाजार नाहीं. वर्गणी सरली कीं फळी रिकामी. इतकेंच नव्हे, तर विकत घेतलेल्या ई-पुस्तकाचीही शाश्वती थोडी. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉननें हक्काच्या भानगडीवरून ऑर्वेलचीं दोन पुस्तकें वाचकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकलीं; त्यांतील एक '१९८४' होतें, हा योगायोग जगाच्या लक्षांत राहिला. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान मिटलें, तेव्हां गिऱ्हाइकांस पैसे परत मिळाले, पण पुस्तकें गेलीं.

याच्या उलट वर्गणीचा दुसरा एक प्रकार आहे, आणि तो अधिक जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिन व त्याच्या मित्रांनीं १७३१ सालीं फिलाडेल्फिया येथें पन्नास वर्गणीदार जमविले. प्रत्येकानें आरंभीं चाळीस शिलिंग व पुढें दरवर्षीं दहा शिलिंग द्यावयाचे, आणि त्यांतून घेतलेलीं पुस्तकें सर्वांच्या मालकीचीं. तें ग्रंथालय आजही उभें आहे. आपल्याकडे रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणें (१८४८), ठाणें (१८९३) आणि मुंबई (१८९८) येथील वाचनालयें व ग्रंथसंग्रहालयें याच मार्गानें वाढलीं. ठाण्याच्या संग्रहालयाचे संस्थापक विनायक लक्ष्मण भावे यांनीं पुढें 'महाराष्ट्र सारस्वत' हा ग्रंथ लिहिला. मराठींत छापलेलें पुस्तक जतन झालें पाहिजे ही त्यांची तळमळ संस्थेच्या मुळाशीं होती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानें अशा संस्थांस सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. येथें भरलेल्या वर्गणीचें रूपांतर पुस्तकांत होतें, आणि तें पुस्तक आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी वाचकाचीही वाट पाहत राहतें.

म्हणून आमचें मत थोडक्यांत असें. ज्याचें वाचन झपाट्याचें, ज्यास वाचून झालेलें पुस्तक पुनः उघडण्याची इच्छा नसते, जो परगांवीं किंवा परदेशीं राहिल्यामुळें ग्रंथालयास मुकला आहे, अथवा ज्याच्या दृष्टीस पडद्यावरील मोठें अक्षर हाच आधार आहे, त्यानें ई-पुस्तकांची वर्गणी खुशाल भरावी. आपल्या यादीवर मात्र दर सहा महिन्यांनीं नजर टाकावी. परंतु ज्या घरांत मुलें वाढत आहेत, तेथें या वर्गणीपूर्वीं गांवच्या ग्रंथालयाची वर्गणी भरली जावी, आणि जीं चार पुस्तकें जन्मभर लागणार तीं विकत आणून ठेवावीं. न सांगतां हाताशीं लागलेल्या पुस्तकानें मूल जितकें वाचनाकडे ओढलें जातें, तितकें आईबापांच्या खात्यांत दडलेल्या यादीनें ओढलें जात नाहीं. गिनी भरणाऱ्या इंग्रज कुटुंबांनीं हिशेब बरोबरच केला होता. त्या हिशेबांतील दुसरी रक्कम कोणी ठरविली एवढेंच त्यांनीं विचारलें नाहीं. आपण तें विचारावें, म्हणजे वर्गणी भरली तरी ती डोळसपणें भरल्यासारखी होईल.