अंतराचं गणित आणि ऑटो फ्लॅश

लग्नाच्या जुन्या अल्बमात माणसं इतकी ताठ का उभी असतात, याचं उत्तर बहुतेक जण संकोचात किंवा स्टुडिओच्या वळणात शोधतात. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंपुरतं ते बरोबर आहे. तेव्हा काही सेकंद न हलता बसावंच लागे. पण हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशवर काम केलं आणि हालचाल सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात पकडता येऊ लागली. पुढे हा फ्लॅश लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाती आला, तरी नवरा-नवरी आणि वऱ्हाडी ओळीतच उभे राहिले. माझ्या मते तोवर वेळेची अडचण सुटली होती, अंतराची सुटली नव्हती. ती सोडवली १९६०-७०च्या दशकांत रूढ झालेल्या ऑटो फ्लॅशने. म्हणून लग्नाच्या फोटोग्राफीचा इतिहास कॅमेऱ्यांपेक्षा फ्लॅशच्या बाजूने सांगितला तर जास्त उलगडतो.

साध्या फ्लॅशची चमक दर वेळी सारखीच असते, आणि अंतर दुप्पट झालं की पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो. त्यामुळे फोटोग्राफरला गाईड नंबरला, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याला, अंतराने भागून ॲपर्चर ठरवावं लागे. गाईड नंबर ३६ असेल तर तीन मीटरवर एफ १२च्या आसपास, सहा मीटरवर एफ ६. स्टेजवर रांगेत उभ्या केलेल्या पाहुण्यांसाठी हा हिशेब एकदाच करायचा. मंगलाष्टकं संपून अंतरपाट बाजूला होतो तेव्हा मात्र अक्षता उडतात, मामा मध्ये येतात, हार पडतात आणि दोन-तीन सेकंदांत सगळं आटोपतं. तेवढ्यात फोटोग्राफरला एक पाऊल मागे सरकावं लागलं तरी ॲपर्चर चुकलं. मुहूर्त गोरज असेल तर उरलेल्या उजेडाचाही भरवसा नाही. अशा वेळी ठरलेल्या अंतरावर उभं करूनच फोटो घेणं हा शहाणपणा होता, कारण रोल धुतल्याशिवाय चूक कळत नसे आणि लग्न पुन्हा लागत नसे.

ऑटो फ्लॅशच्या पुढच्या बाजूला छोटा सेन्सर असतो. समोरून परतणारा प्रकाश तो मोजतो आणि पुरेसा झाला की चमक तिथेच तोडतो. सुरुवातीच्या मॉडेलांत कपॅसिटरमधली उरलेली वीज वाया जाई. थायरिस्टर हा इलेक्ट्रॉनिक स्विच आल्यावर ती शिल्लक राहू लागली, त्यामुळे जवळचे फोटो पटापट घेता आले आणि सेलही जास्त टिकले. १९७०च्या दशकातला व्हिव्हिटार २८३ हा या जातीचा नामांकित फ्लॅश. ठरवलेलं ॲपर्चर कॅमेऱ्यावर लावलं की त्या पल्ल्यात माणूस दीड मीटरवर असो वा चारवर, हिशेब फ्लॅश करतो. कॅमेऱ्याकडून त्याला हवी असते ती फक्त शटर उघडल्याची खूण. म्हणूनच एका रोलवर बारा फोटो देणारा याशिका मॅट १२४ जी किंवा सेकंदाच्या साठाव्या हिश्शाला सिंक होणारा पेंटॅक्स के १००० यांसारखे यांत्रिक कॅमेरे लग्नाच्या कामाला पुरेसे ठरत. १९९१पूर्वीच्या आयात निर्बंधांमुळे भारतात नवा परदेशी कॅमेरा मिळवणं अवघड आणि महाग होतं, तेव्हा ही सोय फार मोलाची होती.

या यंत्राने कसब संपवलं, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. सेन्सरला नवरी दिसत नाही, फक्त परतलेला प्रकाश कळतो. मागे मोकळा काळोख असला की तो चमक लांबवतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. गोव्यातल्या चर्चमध्ये नवरीच्या पांढऱ्या झग्यावरून भरपूर प्रकाश परततो, सेन्सर फसतो आणि फोटो काळवंडतो. शालूच्या भरजरी काठावर फ्लॅश थेट उसळला तरी तेच. जाणता फोटोग्राफर हे आधीच ओळखून ॲपर्चर एखाद्या स्टॉपने कमी-जास्त करी. कलर निगेटिव्ह जादा प्रकाश बराच सोसते, कमी प्रकाश फारसा सोसत नाही, तेव्हा थोडं जास्तच देणं सुरक्षित. एक कसब हिशेबाचं होतं, दुसरं कापड आणि काळोख वाचण्याचं.

सपाट उजेड आणि पाठीमागच्या काळ्या सावल्या ही तक्रार मात्र खरी आहे. तिचं कारण फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवून थेट समोर मारण्यात आहे, ऑटोपणात नाही. २८३चं डोकं वर वळवता येतं आणि सेन्सर तरीही समोरच बघतो, त्यामुळे छतावरून उसळवलेला प्रकाशही मोजला जातो. कार्यालयाच्या पांढऱ्या छताखाली याचा सुंदर उपयोग होतो. मांडवात तो होत नाही: लाल-पिवळ्या कापडावरून आलेला उजेड चेहऱ्यांना तोच रंग देतो, आणि उघड्या अंगणात तर उसळायला काहीच नसतं. १९७५च्या ऑलिंपस ओएम-२ने फिल्मवरून परतणारा प्रकाश मोजून जास्त अचूक वाट दाखवली, हेही मान्य करायला हवं. पण त्यासाठी कॅमेरा आणि फ्लॅश जुळणारेच लागत, तर ऑटो फ्लॅश कुठल्याही सिंक असलेल्या कॅमेऱ्यावर चाले. जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर लावताना मात्र जपावं लागतं. २८३च्या सुरुवातीच्या प्रतींत ट्रिगरवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात. यांत्रिक शटरच्या धातूच्या संपर्कांना ते सहज पेलतात, आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं.